कच्च्या कैद्याचा वकील आणि संगणकाचे दप्तर

सन १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीची शिक्षा वाढवून ती तीन वर्षांच्या कारावासाची केली. निकालाची एक प्रत त्या बंद्यास देण्याकरिता येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे रवाना झाली. येथवर सर्व यथासांग झाले. पुढे मात्र एकाच कागदाच्या दोन कथा झाल्या. कारागृहाचे म्हणणे असे की, प्रत दिली होती, परंतु शिक्षेत सूट मिळावी म्हणून राज्यपालांकडे करावयाच्या अर्जास जोडण्यासाठी ती कारकुनाने परत घेतली. बंदी म्हणे, ती माझ्या हाती कधी आलीच नाही. पोच म्हणून त्याची सही घेतलेला एकही कागद कोणास दाखविता आला नाही. अपिलाच्या परवानगीसाठी तो सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोहोचला, तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि शिक्षा तर तो पुरती भोगून चुकला होता.

हाच १९७८ सालचा ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा गाजलेला खटला. त्या इसमाची विनंती न्यायालयाने मान्य केली नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे नियम घालून दिले ते पुढील हजारो बंद्यांच्या उपयोगी पडले. शिक्षा झालेल्या बंद्यास निकालाची प्रत विनामूल्य आणि तत्परतेने मिळाली पाहिजे. ती कारागृहामार्फत दिली असेल तर त्याची लेखी पोच घेतली पाहिजे. आणि ज्यास वकील देण्याची ऐपत नाही त्यास अपिलाकरिता सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. यातील पोच घेण्याचा नियम दिसावयास किरकोळ आहे. आजच्या माझ्या भाषणाचा सारा विषय मात्र त्या पोचेभोवतीच फिरणार आहे.

मी कायद्याचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन मुलांना शिकविण्यात आयुष्य घालविलेला मी एक निवृत्त मास्तर आहे. दप्तर ठेवण्याचे काम मात्र मी पुष्कळ केले आहे, आणि गरीब आरोपीचा सरकारी खर्चाने होणारा बचाव हा वक्तृत्वाइतकाच दप्तराचाही प्रश्न आहे. हे दप्तर आता कागदावरून संगणकावर गेले आहे. त्याने काय साधले आणि काय साधावयाचे राहिले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम हक्काविषयी. अटक झालेल्या प्रत्येक मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला आहे. १९७६ साली ‘३९ अ’ हा अनुच्छेद घालून दारिद्र्यामुळे कोणी न्यायास मुकू नये, ही जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. दिल्लीस राष्ट्रीय प्राधिकरण, मुंबईस महाराष्ट्र राज्याचे प्राधिकरण, प्रत्येक जिल्ह्यास एक आणि तालुक्यास एक समिती अशी ही उतरंड आहे. मोफत वकील कोणास, हे त्या कायद्याच्या बाराव्या कलमात सांगितले आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, आपत्तीत सापडलेले, कारखान्यातील कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले अशी ती यादी आहे. तीत आणखी एक वर्ग आहे आणि तो पुष्कळांस ठाऊक नसतो: जो कोणी कोठडीत आहे तो. त्याचे उत्पन्न किती, हा प्रश्न कायदा विचारीतच नाही. कुलपामागे गेलेला मनुष्य, घरी त्याची जमीन असो वा दुकान, त्या घटकेस असहायच असतो हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

हा हक्क आरोपीने मागून घ्यावयाचा नसतो, त्यास तो आपण होऊन सांगावयाचा असतो, हेही न्यायालयांनी पुनःपुन्हा बजाविले आहे. १९८३ साली मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीवरून शीला बर्से यांच्या प्रकरणात असे ठरले की, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावे. २०१२ साली कसाबच्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, आरोपी प्रथम समोर आणला जाताच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव देणे आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील देऊ करणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य होय. ज्या आरोपीविषयी साऱ्या देशात संताप होता, त्याच्याच खटल्यात हे ठरले, हे मला विशेष वाटते.

आता दप्तराकडे येऊ. समजा, लातूरकडील एक तरुण चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. चोरीच्या आरोपावरून तो पकडला गेला. चोवीस तासांच्या आत त्यास राजगुरुनगरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि काही दिवसांनी तो येरवड्यास आला. या एका मनुष्याच्या आता किती नोंदी झाल्या ते पाहा. पोलीस ठाण्याच्या संगणकावर गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालयाच्या संगणकावर खटल्याचा क्रमांक, कारागृहाच्या ‘ई-प्रिझन्स’ नावाच्या व्यवस्थेत बंदी क्रमांक, आणि वकिलासाठी अर्ज केला तर विधी सेवा प्राधिकरणाच्या दप्तरी आणखी एक क्रमांक. मनुष्य एकच, पण नावे चार ठिकाणी चार जणांनी लिहिलेली.

यांतील न्यायालयाचा क्रमांक फार उपयोगाचा आहे. त्यास सीएनआर क्रमांक म्हणतात. तो सोळा अक्षरांचा असतो आणि आपल्या राज्यातील खटल्यांचा ‘एमएच’ या अक्षरांनी सुरू होतो. पुढे जिल्ह्याची खूण, न्यायालयाची खूण, खटल्याचा क्रमांक आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक हाती असला की लातूरच्या त्याच्या आईस, अथवा तिच्या शेजारच्या शाळकरी मुलास, पुढची तारीख कोणती, मागील तारखेस काय झाले, हे मोबाइलवर फुकट पाहता येते. पूर्वी केवळ ‘तारीख काय पडली’ एवढे विचारण्यासाठी एक दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि कचेरीच्या आवारातील एखाद्या परोपकारी गृहस्थाचा चहा एवढा खर्च होई. ऑनलाइन व्यवस्थेने गरिबाचे काय भले केले असे मला कोणी विचारले, तर मी प्रथम हेच सांगेन.

मोफत वकिलाचा अर्जही आता राष्ट्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर करता येतो. अर्जावर शक्य तो तात्काळ आणि फार झाले तर सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे, आणि अर्ज कोठे अडला हे नोंदणी क्रमांकावरून पाहता येते. पण आपला लातूरचा तरुण तर आत आहे. त्याच्याजवळ ना मोबाइल ना संगणक. त्याच्या वतीने हे कोणी करावयाचे? येथे कारागृहातील विधी साहाय्य केंद्र, तेथे जाणारे वकील आणि विधी स्वयंसेवक यांचे काम सुरू होते. ज्याच्यासाठी ऑनलाइन दार उघडले, त्यालाच त्या दाराशी येण्याची सोय नाही; म्हणून कोणा तरी चालत्या-बोलत्या मनुष्याने त्याच्यापाशी जाऊन, त्याच्या भाषेत त्याला विचारून, त्याची माहिती बाहेर आणली पाहिजे.

वकील नेमण्याच्या पद्धतीतही मोठा पालट झाला आहे. पूर्वी प्राधिकरणाच्या यादीतील खाजगी वकिलांस एकेक खटला नेमून दिला जाई आणि त्यांस ठराविक अल्प मेहनताना मिळे. आपले स्वतःचे पक्षकार सांभाळून ते हे काम करीत. कित्येकांनी ते मनापासून केले. कित्येकांनी उरल्या वेळात केले. २०२२ साली राष्ट्रीय प्राधिकरणाने पूर्ण वेळ वेतनावर बचाव वकील नेमण्याची योजना आखली. आपल्याकडे त्यांस ‘लोक अभिरक्षक’ असे भारदस्त नाव आहे. मुख्य, उप आणि सहायक अशा त्यांच्या पायऱ्या असून खाजगी वकिली करण्यास त्यांस मनाई आहे. जशी सरकारी वकिलाची कचेरी, तशी ही आरोपीच्या वकिलाची कचेरी. कचेरी झाली की दप्तर आले, दप्तर आले की तक्ते आले: किती अर्ज आले, किती नेमणुका झाल्या, किती प्रकरणे निकाली निघाली.

या तक्त्यांविषयी मला एक शंका आहे. शाळेच्या हजेरीपटावर ‘उपस्थित’ अशी खूण झाली म्हणजे मुलगा बाकावर होता एवढेच सिद्ध होते. त्यास गणित समजले की नाही हे त्या खुणेत नसते. ‘वकील नेमला’ ही नोंद तशीच आहे. वकील नेमल्याची तारीख संगणकात आहे. पण तो आपल्या अशिलास प्रथम कोणत्या तारखेस भेटला, किती वेळ भेटला, जामिनाचा अर्ज केव्हा दिला, दोषारोपपत्राची प्रत त्याने वाचली काय, या गोष्टींची नोंद झाल्यावाचून बचावाचे व्यवस्थापन झाले असे म्हणता येणार नाही. अर्ज ‘निकाली’ काढण्याची सोय जितकी सुलभ, तितका हा मोह मोठा. माझ्या मते नेमणुकीच्या रकान्याशेजारीच ‘पहिली भेट’ असा रकाना असावा आणि तो रिकामा असेपर्यंत प्रकरण चालू समजावे.

आता या विषयाचा जो सर्वांत बोलका भाग, त्याकडे वळतो: जामीन मिळूनही न सुटलेले लोक.

जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या कारागृहातील १३ बंद्यांस जामीन दिला. आदेश झाला, पण त्याची प्रमाणित प्रत टपालाने आली नाही म्हणून बंदी आतच राहिले. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी यावर उद्वेगाने विचारले होते की, माहिती तंत्रज्ञानाच्या या युगात आदेश पोहोचविण्यासाठी आपण अजून आकाशाकडे पाहत कबुतरांची वाट का पाहावी? न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले आणि ३१ मार्च २०२२ रोजी ‘फास्टर’ नावाची व्यवस्था सुरू झाली. तीद्वारे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश सुरक्षित रीतीने, डिजिटल सहीनिशी, थेट संबंधित कारागृहाकडे व न्यायालयाकडे पोहोचू लागले. अधीक्षकास ‘प्रत मिळाली नाही’ असे म्हणण्यास जागा उरली नाही.

कबुतराचा प्रश्न असा सुटला. पण लवकरच लक्षात आले की आदेश पोहोचला तरी पुष्कळ लोक सुटत नाहीत, कारण अडचण टपालाची नसून खिशाची आहे. न्यायालय म्हणते, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार द्या. जामीनदाराने सातबारा आणावा, ऐपतीचा दाखला आणावा, ओळखपत्र दाखवावे. चाकणला कामास आलेल्या लातूरच्या पोरासाठी पुण्यात सातबारा घेऊन कोण उभे राहणार? त्याच्या खोलीत राहणारे चारही जण त्याच्यासारखेच परगावचे. मग आदेशाचा कागद कारागृहात आणि मनुष्यही कारागृहात, दोघे एकाच छपराखाली राहतात.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या समारंभात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अशा गरीब बंद्यांविषयी कळवळून बोलून दाखविले. त्यानंतर जी मोजदाद झाली तीत जामीन मिळूनही आत असलेले सुमारे ५,००० कच्चे कैदी देशात आढळले आणि त्यांतील १,४१७ सोडविले गेले, असे राष्ट्रीय प्राधिकरणाने न्यायालयास कळविले. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा सुमारे ७६, हे खटला पुरा न झालेले कच्चे कैदी होते. त्या समुद्रात पाच हजार म्हणजे थेंब वाटेल. परंतु या पाच हजारांस न्यायालयाने ‘जा’ म्हटले होते, हे विसरू नये.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर जे निर्देश दिले ते माझ्या मते दप्तर कसे असावे याचा नमुनाच आहेत. जामिनाचा आदेश देणाऱ्या न्यायालयाने त्याची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने अधीक्षकामार्फत बंद्यास पाठवावी. अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये घालावी. त्या तारखेपासून सात दिवसांत मनुष्य सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे. सचिवाने विधी स्वयंसेवक वा कारागृहास भेट देणारा वकील त्याच्याकडे पाठवावा. इतकेच नव्हे, तर संगणकातच अशी योजना करावी की जामिनाच्या तारखेपुढे सुटकेची तारीख सात दिवसांत न पडल्यास सचिवाकडे आपोआप ई-मेल जावा. सचिवाने परिवीक्षा अधिकारी किंवा स्वयंसेवकाकरवी त्या मनुष्याच्या सांपत्तिक स्थितीचा अहवाल करून घ्यावा आणि अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयापुढे ठेवावी. एक महिन्यातही जामीन भरला गेला नाही, तर न्यायालयाने स्वतःच ते प्रकरण हाती घेऊन अटी बदलण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह हे विलंबाचे एक कारण असल्याने अशा प्रकरणांत ती अट घालू नये, हेही सांगितले.

या योजनेतील मर्म पाहा. येथे संगणकाने काय करावयाचे आहे? केवळ दोन तारखा शेजारी ठेवावयाच्या आणि सातवा दिवस उलटला की गप्प बसावयाचे नाही. माणसाचे कान निबर होतात. रोज शंभर बंदी पाहणारा कारकून निष्ठुर नसतो, पण त्यास एकशे एकावा वेगळा दिसत नाही. यंत्रास थकवा नाही, आणि ते विशिष्ट अधिकाऱ्यास विशिष्ट दिवशी नावानिशी सांगते: हा मनुष्य अजून आत आहे. त्यानंतर जबाबदारी कोणाची, याविषयी संदेह उरत नाही.

परंतु हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे: पहिली तारीख कोणी तरी भरली पाहिजे. रकाना रिकामा राहिला तर यंत्राच्या दृष्टीने त्या मनुष्यास जामीन मिळालाच नाही. आणि मग त्याचे मौन हे कारकुनाच्या विसरण्यापेक्षाही घातक, कारण यंत्र गप्प आहे म्हणजे सर्व ठीक आहे असे आपण समजतो. नावांचा घोळही असाच. पोलीस ठाण्यात ‘बाबू’, न्यायालयात ‘बाबुराव’, कारागृहात इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेने आणखी तिसरेच काही. एकाच इसमावर दोन ठिकाणचे दोन गुन्हे असले, एकात जामीन झाला आणि दुसऱ्यात नाही, तर सातव्या दिवशी निघालेले पत्र व्यर्थ जाते. ही गाठ सोडविण्यास कारागृहात जाऊन, त्या मनुष्यासमोर बसून, ‘बाबा, तुझ्यावर खटले किती?’ असे विचारणारा कोणी हवाच. तालुक्याच्या कचेरीत बसून पडद्याकडे पाहणाऱ्यास ते कळणार नाही.

दिवस मोजण्याचे आणखी एक काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमान्वये, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा जितकी त्याच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत काढलेला, आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेला मनुष्य असेल तर एक तृतीयांश काळ काढलेला, सुटकेचा विचार होण्यास पात्र ठरतो. मात्र त्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. हा काळ भरताच न्यायालयास लेखी अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे. जुन्या खटल्यांतील बंद्यांसही याचा लाभ मिळावा असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. चोरीस कमाल तीन वर्षे, म्हणजे आमच्या पहिल्या गुन्ह्याच्या तरुणास एक वर्ष. हे त्रैराशिक चौथीतील पोरगाही करील. पण हजार बंद्यांचे रोज करावयाचे म्हटले तर ते संगणकाचेच काम.

आणि पैशाअभावी अडलेल्यासाठी २०२३ साली केंद्र शासनाने गरीब बंद्यांस साहाय्य देण्याची योजना काढली. २०२३ च्या मूळ योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत जिल्ह्याच्या समितीमार्फत देण्याची तरतूद होती. सातव्या दिवसाचे पत्र आणि ही योजना यांची सांगड घालणारा सचिव ज्या जिल्ह्यास लाभेल तेथील बंदी भाग्यवान.

आता थोडे सावधगिरीचे. या व्यवस्थेत पोलीस, न्यायालये, कारागृहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील यांचे संगणक एकमेकांस जोडण्याचे मोठे काम चालले आहे. या पाच खांबांत आरोपीच्या वकिलाचा खांब नाही. कित्येकांस हा अन्याय वाटतो: सरकारी वकिलास जी कागदपत्रे एका क्लिकने मिळतात, ती लोक अभिरक्षकास का मिळू नयेत? दोषारोपपत्र, जबाब, तपासणीचे अहवाल ही कायद्याने आरोपीस द्यावयाचीच कागदपत्रे त्यास तशीच ऑनलाइन आणि त्याच दिवशी मिळावीत, हे मला मान्य आहे. पण वाट एकाच दिशेची असावी. आरोपी आपल्या वकिलास जे सांगतो ते गुपित होय. साक्षीच्या नव्या कायद्याच्या १३२ व्या कलमानेही त्यास संरक्षण आहे. वकिलाचे टिपण त्याच जाळ्यात, त्याच शासनाच्या कपाटात जाऊन पडले, तर त्या संरक्षणाचा उपयोग काय? ई-मुलाकातीने, म्हणजे पडद्यावरील भेटीने, आईचा मुखडा दिसतो ही मोठी सोय आहे. वकिलाशी खरी गोष्ट बोलण्यास मात्र शेजारी शिपाई उभा असलेला पडदा योग्य नव्हे.

कपाटाच्या सुरक्षिततेविषयीची ही भीती काल्पनिक नाही. मोफत वकिलाची व्यवस्था ज्या देशात फार जुनी, त्या इंग्लंडात याचे उदाहरण घडले. इंग्लंड व वेल्समध्ये आरोपीच्या बचावाचा सरकारी खर्च ‘लीगल एड एजन्सी’ ही संस्था पाहते. तेथे वकील आपल्या अशिलाचा अर्ज ऑनलाइन भरतात. त्याचे उत्पन्न, कुटुंब, कर्ज आणि ‘न्यायाच्या हितासाठी यास वकील आवश्यक का’ याची कारणे त्यात लिहितात. मंजुरी ऑनलाइन, देयकेही ऑनलाइन. सारे सुरळीत दिसे. २३ एप्रिल २०२५ रोजी संस्थेस कळले की तिच्या संगणकांत कोणी घुसले आहे. १६ मे रोजी समजले की घुसखोरी वाटली त्याहून फार मोठी आहे. निदान पंधरा वर्षांतील अर्जदारांची नावे, पत्ते, जन्मतारखा, सांपत्तिक माहिती आणि गुन्ह्यांचा पूर्वेतिहास चोरांच्या हाती गेला असावा. १९ मे रोजी शासनाने हे जाहीर केले आणि ऑनलाइन सेवा बंद ठेवल्या. अनेक आठवडे वकिलांना ई-मेल व पर्यायी नमुने यांवर भागवावे लागले. यंत्रणा जुनाट झाली आहे असा इशारा तेथील वकिलांची संस्था कित्येक दिवस देत होती. श्रीमंताने आपल्या वकिलास दिलेली माहिती त्या वकिलाच्या तिजोरीत राहिली. गरिबाने मदत मागताना शासनास दिलेली माहिती तेवढी बाहेर पडली.

यावरून आपल्याकडे दोन गोष्टी तरी पाहाव्यात असे मला वाटते. मोफत वकिलाच्या अर्जात जेवढे विचारणे कायद्याने अवश्य तेवढेच विचारावे. कोठडीतील मनुष्यास उत्पन्नाची अटच नाही, तर त्याच्या उत्पन्नाचे कागद जमवून साठवावयाचे कशास? आणि यंत्र बंद पडले त्या दिवशी काय करावयाचे याची तयारी आधी असावी. वीज गेली म्हणून न्यायालय अडत नाही, तसे पोर्टल बंद म्हणून पहिल्या हजेरीस आरोपी वकिलाविना उभा राहता कामा नये. कोऱ्या कागदावरील अर्ज आणि तोंडी विनंतीही चालतेच. ती चालू राहिली पाहिजे.

शेवटी ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांच्यासाठी थोडे. १५१०० हा विधी सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. मोबाइल नसेल, अर्ज भरता येत नसेल, तर तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवेची कचेरी असते. तेथे साध्या कागदावर अर्ज द्या, आणि त्याची पोच मागून घ्या. खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक आणि कारागृहातील बंदी क्रमांक हे दोन्ही एकाच कागदावर लिहा आणि मुलाचे नाव दोन्ही ठिकाणी सारखे आहे की नाही ते ताडून पाहा. सारखे नसेल तर वकिलास त्याच दिवशी सांगा. जामीन झाला असे कळले की त्या तारखेभोवती दिनदर्शिकेवर वर्तुळ करा आणि सात दिवस मोजा. आठव्या दिवशी माणूस घरी नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे जाऊन विचारा की आमच्या मुलाविषयी आपणांस कारागृहाचे पत्र आले काय. आले नसेल, तर जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये भरली आहे किंवा नाही, हे त्यांनाच कारागृहास विचारावयास सांगा.